‘अनावश्यक’ वेदना म्हणजे किती? दोन अहवालांची पार्श्वभूमी

2017 साली केंद्रीय विधी आयोगाने चार महिन्यांच्या आत दोन अहवाल दिले. जुलैमधला 269 वा अहवाल पोल्ट्रीतल्या कोंबड्यांबद्दल होता आणि ऑक्टोबरमधला 273 वा कोठडीतल्या छळाबद्दल. पहिल्यात उद्योगाच्या शेडमधली क्रूरता होती, दुसऱ्यात सरकारच्या चार भिंतींआडची. दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचले की एक गोष्ट अंगावर येते. आपल्या कायद्याने वेदनेला सरसकट मनाई केलेली नाही. त्याने फक्त मर्यादा घातली आहे, आणि ती मर्यादा सांगणारे शब्द इतके सैल आहेत की जवळपास काहीही त्यात बसवता येते.

आधी ‘छळ’ या शब्दाचे बघू. मराठीत हा शब्द घराघरांत वापरून गुळगुळीत झाला आहे. सासरचा छळ, साहेबाचा छळ, कर्जवसुलीचा छळ. त्यामुळे कोठडीत माणसाला उलटे टांगून मारणे हासुद्धा त्याच माळेतला एक मणी वाटू लागतो. पण कायद्याच्या पुस्तकात या शब्दाची जागा चमत्कारिक आहे. 1860 च्या दंडसंहितेत कबुलीसाठी मारहाण करण्याचा गुन्हा कलम 330 मध्ये होता. कलमाच्या मूळ मजकुरात शब्द आहे ‘दुखापत’. ‘छळ’ हा शब्द येतो तो खाली दिलेल्या उदाहरणांत: पोलीस अधिकारी कबुलीसाठी छळ करतो, महसूल अधिकारी थकबाकीसाठी छळ करतो. याउलट प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यात, कलम 11 च्या पहिल्याच पोटकलमात, मारणे, लाथ घालणे, प्रमाणाबाहेर ओझे लादणे यांच्या रांगेत ‘छळ करणे’ हे शब्द थेट गुन्हा म्हणून लिहिलेले आहेत. बैलासाठी जो शब्द कलमात बसला, तो माणसासाठी उदाहरणातच राहिला.

महसूल अधिकारी त्या उदाहरणांत उगाच आलेला नाही. मद्रास इलाख्यात सारावसुलीसाठी रयतेला दिल्या जाणाऱ्या यातनांची चौकशी होऊन 1855 साली अहवाल आला होता. बोटे चिमटणारा लाकडी चाप, माणसाला वाकवून दोरीने तसाच बांधून उन्हात ठेवणे, अशा प्रकारांची त्यात नोंद आहे. 1861 चा पोलीस कायदा आणि पुढे 1872 च्या पुराव्याच्या कायद्यातले कलम 25, म्हणजे पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालणार नाही हा नियम, याच काळातले. पण त्याच कायद्यात कलम 27 होते. आरोपीने सांगितल्यावरून वस्तू सापडली, तर तेवढे सांगणे पुराव्यात येते. कोर्टात रोज वाचला जाणारा मेमोरँडम पंचनामा तो हाच. कबुली बाद, पण मारून काढलेल्या माहितीवरून सापडलेली सुरी ग्राह्य. मारण्याचा मोबदला कायद्यातच शिल्लक राहिला.

प्राण्यांची बाजू मुंबईत जास्त गाजली. 1832 मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली, आणि दोनच वर्षांत पांजरपोळ उभा राहिला. 1890 चा पहिला देशव्यापी कायदा मात्र मुख्यतः रस्त्यावरच्या घोड्याबैलांकडे बघून केलेला होता. स्वातंत्र्यानंतर राज्यसभेत खासगी विधेयक आले, सरकारने स्वतः कायदा करण्याचे आश्वासन दिल्यावर ते मागे घेतले गेले, आणि 1960 चा कायदा झाला. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड, हे त्यातले आकडे अजून तसेच आहेत.

मधला मोठा काळ मी ओलांडून जातो, कारण आजचे सगळे भांडण 1996 नंतरचे आहे. त्या वर्षीच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे अकरा नियम घालून दिले. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव हवे, अटकेच्या पंचनाम्यावर साक्षीदार हवा, दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी हवी. हे प्रकरण 1986 मध्ये पश्चिम बंगालमधल्या कायदेशीर मदतीच्या संस्थेने पाठवलेल्या एका पत्रातून सुरू झाले होते. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1997 मध्ये, भारताने यातनाविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर सही केली. त्याला अनुमोदन मात्र अजून दिलेले नाही. अनुमोदनासाठी देशात कायदा हवा, म्हणून 2010 मध्ये विधेयक आले, आणि मेमध्ये लोकसभेने ते मंजूरही केले.

या विधेयकावर थांबायलाच हवे, कारण छळाची व्याख्या करतानाच छळ कसा सोडून देता येतो, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसते. माहिती किंवा कबुली काढण्यासाठी लोकसेवकाने ‘गंभीर दुखापत’ केली, किंवा जीव, अवयव वा आरोग्य धोक्यात आणले, तर तो छळ. गंभीर दुखापत म्हणजे काय हे दंडसंहितेत ठरलेले होते: डोळा जाणे, हाड मोडणे, दात पडणे, वीस दिवस असह्य वेदना, वगैरे. तळपायावर पट्टे मारले तर हाड मोडत नाही. रात्रभर उभे ठेवले, पाणी दिले नाही, बायकोला समोर आणून धमकावले, तर मोजायला काही उरतच नाही. आरोग्य धोक्यात आले हे दाखवायचे कुणी? ज्याला मारले त्याने, सहा महिन्यांच्या आत तक्रार करून. आणि त्यावरही सरकारची पूर्वपरवानगी मिळाली तरच खटला. अमेरिकेच्या न्याय खात्यातल्या वकिलांनी 2002 साली हेच केले होते. अवयव निकामी होण्याइतकी किंवा मृत्यूइतकी तीव्र वेदना असेल तरच तो छळ, असे त्यांनी लिहून दिले आणि त्या रेषेच्या अलीकडचे सगळे मोकळे करून ठेवले. आपले विधेयक राज्यसभेने प्रवर समितीकडे पाठवले, समितीने ते बरेच सुधारले, आणि 2014 मध्ये लोकसभेबरोबर ते संपले.

आता 1960 च्या कायद्याकडे परत या. त्याच्या प्रस्तावनेपासून एक शब्द सगळीकडे पेरलेला आहे: ‘अनावश्यक’ वेदना. म्हणजे आवश्यक वेदना असते, हे गृहीतच धरलेले आहे. कुणासाठी आवश्यक? टांगेवाला घोड्याला चाबकाने फोडून काढतो तेव्हा उत्तर सोपे असते. क्रूरता समोर असते आणि ती करणारा हातही. कंपनीच्या बाबतीत उत्तर हिशेबाच्या वहीत सापडते. पिंजरा लहान, कारण जागेचे भाडे. चोच छाटायची, कारण दाटीत कोंबड्या एकमेकींना टोचतात. अंड्यांच्या जातीतले नर पिल्लू जन्मल्या दिवशीच मारायचे, कारण ते अंडे देत नाही. प्रत्येक वेदनेला व्यवसायाचे कारण आहे, म्हणून प्रत्येक वेदना ‘आवश्यक’ ठरते.

मी पाहिलेल्या एका शेडमध्ये पिंजऱ्यांचे तीन मजले होते. तळाची जाळी उतरती, म्हणजे अंडे आपोआप घरंगळून पुढे येते. त्या उतरत्या तारेवर कोंबडी सुमारे दीड वर्ष उभी राहते. एकीची नखे वाढून तारेभोवती वळली होती आणि राखणदार ती सोडवत बसला होता, हळुवार हाताने. त्या माणसाला क्रूर म्हणणे माझ्या जिभेवर येईना. कराराच्या ब्रॉयलर पालनात तर पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. शेतकऱ्याचे फक्त शेड आणि राबणे. गुन्हा नोंदलाच गेला, तर तो बहुतेक वेळा ट्रकच्या चालकावर.

कलम 11 मध्ये पिंजऱ्याबद्दलही तरतूद आहे: प्राण्याला हालचालीची वाजवी संधी मिळेल एवढी उंची, लांबी, रुंदी हवी. एका कोंबडीला 450 चौरस सेंटिमीटरच्या आसपास जागा देणाऱ्या पिंजऱ्यात ही अट पाळली जात नाही, हे समजायला आयोगाचीही गरज नव्हती. छपाईच्या नेहमीच्या ए-फोर कागदाचे क्षेत्रफळ 624 चौरस सेंटिमीटर भरते. 2019 च्या नियमांच्या मसुद्यात आकडा आला 550. युरोपीय संघाने साधा पिंजरा 2012 पासून बंद केला, तेव्हा तिथे दर कोंबडीमागे किमान जागा होती 550 च.

‘अनावश्यक’चा सर्वांत व्यापक अर्थ न्यायालयाने 2014 मध्ये लावला, तो जल्लीकट्टू आणि आपल्याकडच्या शंकरपटाच्या निकालात. टाळता येणारी वेदना ती अनावश्यक, आणि करमणूक ही गरज नव्हे. हा अर्थ कारखान्यापर्यंत पोहोचला असता, तर चित्र बदलले असते. पण 2017 मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी शर्यतींपुरत्या दुरुस्त्या केल्या, 2023 मध्ये घटनापीठाने त्या वैध ठरवल्या, आणि प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले नाही. सगळी चर्चा शर्यतीच्या धुळीत अडकली. शेड तसेच राहिले. बैलगाड्यामागे लोकांचा जीव आहे, हे मी नाकारत नाही; पण जत्रेतल्या काही मिनिटांवर नऊ वर्षे वाद झाला आणि दीड वर्षाच्या पिंजऱ्यावर त्याच्या एक दशांशही झाला नाही, याचा मला राग येतो.

राग दुसऱ्याही एका गोष्टीचा आहे. ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपी पोपटासारखा बोलू लागला.’ हे वाक्य मराठी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे छापले जाते आणि वाचणारा पान उलटतो. खाक्या म्हणजे काय, हे लिहिणाऱ्याला, छापणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ठाऊक असते. 1871 च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तर तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कायदा 1952 मध्ये गेला, पण चोरी झाली की पारधी पालावर जाणारी गाडी थांबली नाही. 2017 मध्ये सांगली, 2020 मध्ये तमिळनाडूतले सातानकुळम, 2024 मध्ये परभणी: कोठडीतल्या मृत्यूनंतर काही दिवस संताप उसळतो. खाक्या त्याच आठवड्यात पुन्हा छापून येतो.

273 व्या अहवालात एक साधी शिफारस होती. कोठडीत असताना माणसाला इजा झाली, तर ती पोलिसांनी केली असे न्यायालयाने गृहीत धरावे. तसे नाही हे पोलिसांनी सिद्ध करावे. बंद खोलीत दुसरा साक्षीदार आणायचा कुठून, हा त्यामागचा विचार. आयोगाने हीच सूचना 1985 मध्येही केली होती. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यातनाविरोधी कायदा करा असा आदेश संसदेला देता येत नाही म्हणून याचिका फेटाळली, आणि 2020 मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितले.

मग 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. जुन्या पुराव्याच्या कायद्याच्या जागी नवा आला. 1985 ची सूचना त्यात नाही. जुने कलम 330 आता न्यायसंहितेत कलम 120 झाले आहे. मजकुरात शब्द आहे ‘दुखापत’. कबुलीसाठी छळ करणारा पोलीस अधिकारी खाली उदाहरणात आहे.