सोयाबीनचं बियाणं घरातून का गेलं?

जून २०२०. मराठवाडा-विदर्भात पेरणी होऊन आठवडा उलटला, तरी कितीतरी शिवारांत सोयाबीनचे तास, म्हणजे पेरलेल्या ओळी, रिकामेच होते. तक्रारींचा ढीग लागला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. मुळात २०१९ च्या दिवाळीच्या सुमारास काढणीला आलेलं सोयाबीन अवकाळी पावसात भिजलं होतं, त्यामुळे पुढच्या हंगामाच्या बियाण्याची उगवणशक्ती घटली होती. दुबार पेरणीचा भुर्दंड पडला तो मात्र शेतकऱ्यावर.

पूर्वी बी घरचंच असे. टपोरी कणसं हेरून बाजूला काढायची, दाणे राखेत घोळून मडक्यात ठेवायचे. हे काम बहुतेक बायांचं. १९६० नंतर चित्र पालटलं. १९६३ मध्ये राष्ट्रीय बीज निगम, १९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी, १९६६ मध्ये बियाणे कायदा आणि १९७६ मध्ये अकोल्यात महाबीज, म्हणजे राज्याचं बियाणे महामंडळ. संकरित वाणांनी उत्पन्न वाढवलं, हे मान्यच करायला हवं. पण त्यांचं बी पुढच्या वर्षी तसंच उतरत नाही, म्हणून दरसाल पिशवी विकत घेणं आलं. कापसात तर ती सवय पक्कीच झाली.

सोयाबीनला मात्र ही सक्ती नव्हतीच! ते स्वपरागसिंचित पीक, म्हणजे स्वतःच्याच परागानं फळणारं, त्यामुळे त्याचं बी पुढच्या वर्षीही तसंच उतरतं. प्रमाणित बियाणं एकदा आणलं की पुढची दोन-तीन वर्षं घरचं वापरता येतं. २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्यानंही बी राखण्याचा, देवाणघेवाणीचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे. तरीही पिशवीची सवय सोयाबीनलाही चिकटली.

२०२० नंतर कृषी विभागानं घरच्या बियाण्यावर जोर दिला. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून ओल टिकवायची आणि आठवडाभरात मोजायचे. सत्तर उगवले तर बी पेरण्याजोगं. दाण्याचं साल फार नाजूक. पोतं आपटलं तरी आतला अंकुर दुखावतो.

हे ज्ञान गावोगाव पोचतंय, याचं मला मनापासून समाधान आहे. पण एकरी तीस किलो बी राखून ठेवायचं, तर तेवढा माल घरात उरायला हवा. दोन एकरवाल्याचं सोयाबीन उधारी फेडायला खळ्यावरूनच आडतीला जातं.