पार्श्वभूमी : सर्जियो पारिसेचा राहून गेलेला निरोप

ऑक्टोबर २०१९ मध्ये हागिबिस वादळ जपानच्या दिशेने निघालं आणि रग्बी विश्वचषकातला इटली-न्यूझीलंड सामना दोन दिवस आधीच रद्द झाला. नियमानुसार ०-० अशी बरोबरी धरून दोघांना गुण वाटून दिले. न्यूझीलंडचं त्यात काहीच बिघडलं नाही. इटलीची बाद फेरीची उरलीसुरली आशा संपली. न्यूझीलंडला गुणांची गरज असती तर सामना रद्द झालाच नसता, असं इटलीचा कर्णधार सर्जियो पारिसे तेव्हा चिडून बोलला. त्याच्या कारकिर्दीतला हा पाचवा विश्वचषक होता.

सुरुवातही न्यूझीलंडपासूनच झाली होती. ८ जून २००२ रोजी हॅमिल्टनला अठरा वर्षांचा हा पोरगा इटलीकडून पहिल्यांदा उतरला. इटली १०-६४ अशी हरली.

पारिसेचा जन्म १९८३ चा, अर्जेंटिनातल्या ला प्लाता शहरातला. आईवडील इटालियन, वडील लाक्विला या क्लबकडून रग्बी खेळलेले. लाखो इटालियन कुटुंबं पोटापाण्यासाठी अर्जेंटिनात जाऊन वसली, आणि रग्बी तिथे इटलीपेक्षा कितीतरी जास्त रुजलेला. त्यामुळे इटलीच्या संघात तिथली मुलं येणं नवलाचं नव्हतं. २००० साली सहा देशांच्या स्पर्धेत, म्हणजे सिक्स नेशन्समध्ये, इटलीला जागा मिळाली. पहिल्याच सामन्यात तिने स्कॉटलंडला ३४-२० असं हरवलं, तेव्हा त्यातले २९ गुण दिएगो डोमिंगेझचे होते. तोही मूळचा अर्जेंटिनाचाच.

पारिसे ८ नंबरचा खेळाडू. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ गडी एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटतात त्यात, सगळ्यात मागे वाकून ढकलायचं, चेंडू पायाशी आला की उचलून घुसायचं, असं हे राबणुकीचं काम. पारिसेने त्यात नजाकत आणली. पाठीमागून पास देणं, वेळप्रसंगी स्वतःच किक मारणं, हे त्या जागेवरच्या धिप्पाड गड्याकडून कुणी अपेक्षित धरत नाही. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारासाठी त्याला २००८ आणि २०१३ मध्ये नामांकन मिळालं. कायम हरणाऱ्या संघातून तिथवर पोचणं किती अवघड, याचा विचार करावा.

हरणं खरंच फार होतं. १४२ कसोट्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामने, त्यातल्या शंभराहून अधिक पराभवांच्या. मधूनच चांगले दिवस यायचे: २००७ मध्ये एडिंबरोत स्कॉटलंडवर विजय, २०१३ मध्ये रोममध्ये फ्रान्स आणि आयर्लंड दोघांना धूळ, २०१६ मध्ये फ्लॉरेन्सला दक्षिण आफ्रिकेवर २०-१८ अशी मात. पण २०१५ पासून सिक्स नेशन्समध्ये सलग ३६ पराभव झाले. ती रांग तुटली २०२२ मध्ये, कार्डिफला, पारिसेशिवाय.

मला मात्र आठवतो तो २०१६ चा पॅरिसमधला सामना. फ्रान्स २३-२१ ने पुढे, वेळ संपलेली, आणि पारिसेने स्वतःच ड्रॉप गोलसाठी (चेंडू जमिनीवर टाकून, उसळताच गोलखांबांमधून मारायचा, तीन गुणांचा) किक मारली. चुकली. नेहमीच्या किकरला चेंडू द्यायला हवा होता, अशी टीका झाली आणि ती रास्तच होती. पण २००८ पासून कर्णधारपद वाहणाऱ्या माणसाला ‘आता मीच’ असं वाटण्याची सवय कशी लागली, हेही त्या किकमध्ये दिसतं.

क्लबकडे जिंकणं त्याच्या वाट्याला आलं. त्रेविझोकडून इटलीचं अजिंक्यपद, मग पॅरिसच्या स्ताद फ्रान्सेकडे चौदा हंगाम आणि २००७, २०१५ ची फ्रेंच अजिंक्यपदं. २०१९ ला तो तुलाँ या फ्रेंच क्लबकडे गेला आणि २०२३ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, डब्लिनला ग्लासगोविरुद्ध चॅलेंज कप ही युरोपातल्या क्लबांची दुसऱ्या दर्जाची स्पर्धा जिंकला.

निरोपाचा सामना २०२० मध्ये रोमला, इंग्लंडविरुद्ध, ठरत होता. करोनाने तोही पुढे ढकलला गेला आणि शेवटी त्याच्याविनाच झाला. २०२३ च्या विश्वचषक संघातही त्याचं नाव आलं नाही. इटलीच्या जर्सीतला त्याचा शेवटचा सामना म्हणून नोंदीत राहिला तो ४ ऑक्टोबर २०१९ चा, शिझुओकातला : दक्षिण आफ्रिका ४९, इटली ३.