आकडे हिरवे, तरी गाडी डावीकडे

स्टिअरिंगवरची पकड जरा सैल केली की गाडी डावीकडे निघायची. झटका नाही, आवाज नाही. जोडीतला डावा बैल अंग राखून चालला की बैलगाडी हळूहळू त्याच्या बाजूला वळते ना, तसं.

गाडी १९९१ सालची, माझदा एमएक्स-५. जपानमध्ये हिचं नाव युनोस रोडस्टर. मी इंग्लंडमध्ये राहतो, आणि इथे अशा कितीतरी गाड्या जपानमधून जुन्या म्हणून आल्या. फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांना दिसली. मुख्य अभियंते तोशिहिको हिराई यांच्या चमूने एकच कल्पना धरून ठेवली होती, ‘जिनबा इत्ताई’, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. वजन टनाच्या आत, दोनच माणसं, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन आर्मनी धरलेलं. रस्त्यावरचा खडा हाताला कळावा म्हणून बनवलेली ही गाडी आहे. तिला एका बाजूची ओढ लागली की चालवण्यातला सगळा जीवच जातो.

मी अलाइनमेंट करून घेतली, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर मोजून बसवून घेतले. छापील कागद हातात आला, सगळे आकडे हिरव्या पट्ट्यात, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत होते. घरी येताना गाडी पुन्हा डावीकडे.

बहुतेकांची समजूत अशी असते की गाडी ओढते म्हणजे पुढच्या चाकांचा टो बिघडलाय. टो म्हणजे वरून पाहिलं तर चाकांची तोंडं आत वळलीत की बाहेर, ते माप. पण पुढची दोन्ही चाकं टाय रॉडने, म्हणजे जोडदांड्यांनी, एकाच रॅकला बांधलेली असतात. रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणारा दांडा. एक चाक जास्त तिरकं असेल तर चालत्या गाडीत दोघं तो तिरकेपणा निम्मा-निम्मा वाटून घेतात. गाडी सरळच जाते, फक्त स्टिअरिंग वाकडं दिसतं आणि टायर खाल्लं जातं. किती खाल्लं जातं याचा हिशेब करून बघा. या गाडीच्या मूळ टायरचा व्यास साधारण ५७८ मिलिमीटर. चाक ०.१ अंशाने तिरकं असेल तर त्याच्या पुढच्या आणि मागच्या कडेत जेमतेम १ मिलिमीटरचा फरक पडतो. पण तेवढ्यानेही ते चाक दर किलोमीटरला पावणेदोन मीटर बाजूला जायला बघतं. गाडी त्याला जाऊ देत नाही, म्हणून रबर घासत राहतं.

मागच्या चाकांची गोष्ट वेगळी. ती दोन्ही एकाच बाजूला वळलेली असतील तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते आणि सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग थोडं वळवून धरावं लागतं. बॅलन्सिंगचा तर ओढीशी संबंधच नाही. आपण ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग’ एका श्वासात म्हणतो खरं, पण बॅलन्सिंग बिघडलं तर स्टिअरिंग थरथरतं, गाडी ओढत नाही.

मग मी पहिल्यापासून सुरुवात केली. पहिला संशय रस्त्यावर. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता बांधतात. हा उतार अडीच टक्के धरला तर एक टनाच्या गाडीला सुमारे २५ किलोच्या जोराने तो बाजूला ढकलत असतो. इंग्लंडमध्ये काय किंवा महाराष्ट्रात काय, आपण डावीकडून चालतो, म्हणून ही ढकल डावीकडेच असते. सपाट, रिकाम्या पार्किंगच्या पटांगणात दोन्ही दिशांनी गाडी हळू चालवून पाहिली. रस्त्यापेक्षा ओढ कमी होती, पण होती.

दुसरा संशय हवेवर. डाव्या पुढच्या टायरमध्ये हवा थोडी कमी निघाली. चारही टायरमध्ये २६ पीएसआय भरली. फरक नाही.

तिसरा संशय टायरवरच. रेडियल टायरमधला पोलादी पट्टा कारखान्यात केसभर जरी एका बाजूला सरकला, तरी टायर आतून शंकूसारखा वागायला लागतो. भेळेचा कागदी कोन जमिनीवर लोळवून पाहा, तो टोकाभोवतीच फिरेल. असा टायर बाहेरून अगदी नवा दिसतो, आणि अलाइनमेंटच्या मशीनला तो कधीच सापडत नाही. म्हणून पुढचे दोन टायर आपसात बदलायचे. ओढीने बाजू बदलली तर दोष टायरचा. टायर एकाच दिशेने फिरणारे असतील तर असं बदलता येत नाही, तेव्हा पुढचे मागे टाकून बघायचं. माझ्या गाडीची ओढ जागची हलली नाही.

मग ब्रेक. फक्त ब्रेक दाबल्यावर गाडी ओढत असेल तर ज्या बाजूचा ब्रेक नीट धरतो त्या बाजूला ती जाते, दोष दुसऱ्या बाजूला असतो. उलट एखादा कॅलिपर, म्हणजे चाकावर ब्रेक दाबणारा भाग, अडकून सतत घासत असेल तर ओढ त्याच बाजूला, सतत, आणि थोडं चालवल्यावर ते चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागतं. जुन्या गाडीत रबरी ब्रेक होज, म्हणजे ब्रेकच्या तेलाच्या नळ्या, आतून सुजतात. पायाच्या जोराने तेल पुढे जातं, पण परत येत नाही, आणि बाहेरून होज धडधाकट दिसतो. मी पुढची चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवली. दोन्ही मोकळी फिरली.

आता पुन्हा तो कागद काढला, आणि या वेळी रंग सोडून आकडे वाचले.

कॅस्टर, डावं चाक ३.९ अंश, उजवं ५.१ अंश. दोन्ही हिरवे.

सायकलचा पुढचा फोर्क खालच्या टोकाला पुढे झुकलेला असतो. हात सोडूनही सायकल सरळ जाऊ शकते, त्यात या झुकावाचाही वाटा असतो. गाडीत चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्षही वरच्या टोकाला मागे झुकवलेला असतो. त्या झुकावाचं माप म्हणजे कॅस्टर. ऑफिसातल्या खुर्चीची चाकं जशी आपोआप मागे वळून फरफटत येतात, तसंच हे काम करतं. शिवाय गाडीचं वजन या तिरक्या अक्षामुळे प्रत्येक पुढच्या चाकाला आत वळवू पाहतं. डावं चाक उजवीकडे रेटतं, उजवं डावीकडे, रॅकच्या दोन टोकांवर दोघांचे जोर एकमेकांना संपवतात. कॅस्टर सारखा असेल तोवर. उजवीकडे तो जास्त असेल तर उजवं चाक जिंकतं आणि गाडी डावीकडे जाते. अर्ध्या अंशापलीकडचा फरक हाताला जाणवायला लागतो. इथे तो १.२ अंश होता. मशीनने प्रत्येक चाक वेगळं तपासलं आणि दोन्हींना पास केलं. दोघांतला फरक कुणी बघितलाच नाही.

कॅम्बरचंही असंच. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिलं तर चाक आत किंवा बाहेर किती कललंय, ते माप. चाकाचं डोकं ज्या बाजूला जास्त बाहेर झुकलेलं, त्या बाजूला ओढ. माझ्या गाडीत दोन्हीकडचा कॅम्बर जवळजवळ सारखा होता.

मग कॅस्टर बसवला का नाही? कारण गंज. या गाडीत खालच्या आर्मचे बोल्ट कॅमचे असतात, म्हणजे फिरवले की आर्म थोडा सरकतो असे, प्रत्येक चाकाला दोन, एकूण आठ. पुढच्या चाकाचे दोन्ही कॅम मिळून फिरवले तर कॅम्बर बदलतो, उलटसुलट फिरवले तर कॅस्टर. इंग्लंडच्या हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि तीस-बत्तीस वर्षांत बोल्ट बुशच्या, म्हणजे आर्मच्या सांध्यातल्या रबरी गादीच्या, पोलादी नळीत गंजून एकजीव होतो. टाय रॉड मात्र सहज फिरतो. म्हणून टो बसवला जातो, बाकीचं आहे तसं राहतं.

डावीकडचे दोन्ही बोल्ट शेवटी कापून काढावे लागले. बुशचं रबर एका बाजूला फाटलेलं निघालं. हे महत्त्वाचं, कारण मशीन उभी गाडी मोजतं. फाटलेला बुश चालताना, ब्रेक लावताना दबतो आणि कॅस्टर रस्त्यावर आणखी बदलतो. नवे बुश बसवताना मी एक काळजी घेतली. गाडी चाकांवर उभी करून मगच बोल्ट शेवटचे आवळले, कारण आर्म लटकत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं.

अलाइनमेंट दुसऱ्यांदा केली तेव्हा चालकाच्या सीटवर माझ्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवायला सांगितलं. इतक्या हलक्या गाडीत एका माणसाच्या वजनानेही कॅम्बर हलतो. आधी मागची चाकं, मग पुढचा कॅस्टर, मग कॅम्बर, आणि टो सगळ्यात शेवटी, कारण बाकी काहीही हललं की तो हलतो.

काही जण डावीकडच्या चाकाला मुद्दाम थोडा जास्त कॅस्टर देतात, म्हणजे रस्त्याच्या उताराची ढकल तिथल्या तिथे जिरते. मी दोन्ही ४.९ अंशांवर सारखे ठेवले. पटांगणात आता गाडी हात सोडल्यावरही दोन्ही दिशांनी सरळ जाते. गावाबाहेरच्या अरुंद रस्त्यावर ती अजूनही अगदी हलकेच डावीकडे झुकते, पाणी जिकडे वाहून जातं तिकडे. तेवढं मला हातात जाणवायला हवं होतं, म्हणून ते तसंच ठेवलं.