सभासद नोंदणी करतात, पण आत येत नाहीत: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपल्या स्वतःच्या सर्व्हरवरील वर्डप्रेस वेबसाइटला बडीप्रेस या प्लगइनच्या (वर्डप्रेसला जोडायच्या पूरक प्रोग्रॅमच्या) साहाय्याने सभासदांची प्रोफाइल, गट आणि आपसांतील संदेश या सोयी जोडून दिल्या की बहुतेक ग्राहकांकडून लवकरच एकच तक्रार येते: नोंदणी होते, पण सभासद वाढत नाहीत. अशा वेळी कृपया प्लगइन काढून पुन्हा बसवू नये. नोंदणी झालेलीच असते. खाते सुरू करण्यासाठीचा ॲक्टिव्हेशनचा मेल स्पॅममध्ये पडलेला असतो किंवा वाटेतच नाकारला गेलेला असतो, आणि त्यातील लिंकवर क्लिक होईपर्यंत खाते प्रलंबित राहते.

वर्डप्रेस मुळात वेब सर्व्हरवरूनच मेल पाठवते. त्या सर्व्हरला आपल्या डोमेनच्या नावाने मेल पाठवण्याची मुभा आहे की नाही, हे डीएनएसमधील (डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीतील) एसपीएफ नोंदीवरून, म्हणजे मुभा असलेल्या सर्व्हरांच्या यादीवरून, ठरते. जीमेलने तर फेब्रुवारी २०२४ पासून एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) यांपैकी एक तरी व्यवस्था सर्वच पाठवणाऱ्यांना सक्तीची केली आहे.

खरा घोळ यापुढे होतो. मेल पाठवणारी स्वतंत्र सेवा घेतली की ती सेवा एसपीएफची एक ओळ देते, आणि ग्राहक जुनी ओळ तशीच ठेवून तिच्याखाली ही नवी नोंद करतात. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन आढळल्या तर समोरचा सर्व्हर त्यांतली खरी कोणती हे शोधत बसत नाही. तो ती कायमची त्रुटी मानतो. मग सभासदांचे मेल तर सुधारत नाहीतच, उलट कार्यालयाचे रोजचे मेलही अडकू लागतात. नव्या सेवेचा ‘इन्क्लूड’ (तिच्या सर्व्हरांना मुभा देणारा भाग) जुन्याच ओळीत, शेवटच्या ‘ऑल’च्या (बाकी सर्व सर्व्हरांना लागू होणाऱ्या भागाच्या) आधी घालावा, ‘ऑल’नंतर लिहिलेले वाचले जात नाही. त्यानंतर थांबावे. नोंदीचा टीटीएल (इतर सर्व्हर ती नोंद किती वेळ जपून ठेवतात तो काळ) ८६४०० सेकंद, म्हणजे एक दिवस, असेल, तर जुनी नोंद काही ठिकाणी दिवसभर दिसत राहू शकते, आणि नेमक्या याच काळात घाईने केलेला आणखी एक बदल निस्तरण्यात आमचा सर्वाधिक वेळ जातो.

प्रलंबित खाती आम्ही सरसकट हाताने सुरू करून देत नाही, याबद्दल काहींची नाराजी असते. तो पत्ता खरोखर त्या व्यक्तीचा आहे याचा पुरावा ती लिंकच देते. ती वगळली की आपोआप नोंदणी करणाऱ्या प्रोग्रॅमना दार मोकळे होते आणि पुढे गट निरर्थक जाहिरातींनी भरतात. याच कारणास्तव चाचणीचे मेल वेगवेगळ्या सेवांच्या इनबॉक्समध्ये पोचल्याखेरीज आम्ही नोंदणी सर्वांसाठी खुली करत नाही. त्यात दोन-तीन दिवस जातात, हे मान्य आहे.

आमच्याकडून उभारणी करून घेतलेल्या ग्राहकांना एसपीएफ व डीकेआयएम नोंदींची तपासणी त्याच कामात मिळते. नवी मेल-सेवा घेण्याचे ठरल्यास, नोंद बदलण्यापूर्वी डीएनएसच्या पानाचा स्क्रीनशॉट आम्हाला पाठवावा. एकत्र केलेली ओळ आम्ही तयार करून देऊ.