ब्लेकचं पोर आणि वर्ड्सवर्थचं पोर, दोन्ही एकच नाहीत

इंग्लिश रोमँटिक कविता म्हटलं की बालपण म्हणजे स्वप्न, मोठेपण म्हणजे कटू वास्तव, असं एका ओळीत उरकतात, गाइडांत तर हमखास, आणि मग ब्लेक नि वर्ड्सवर्थ एकाच माळेचे मणी होऊन बसतात.

वर्ड्सवर्थचं पोर हरतं ते वयापुढे. मार्च १८०२ मध्ये त्याने 'इमॉर्टॅलिटी ओड' ही दीर्घ कविता लिहायला घेतली, चार कडवी झाली, ते लहानपणीचं तेज गेलं कुठे असं विचारलं आणि गाडी तिथेच अडली, पुढचं सुचायला १८०४ उजाडलं. उत्तर काय, तर मूल वरून तेज घेऊनच येतं, वाढता वाढता तुरुंगाच्या सावल्या त्याला घेरतात आणि मोठेपणी रोजच्या उजेडात ते तेज विरून जातं. दोष कुणाचाच नाही. बदल्यात विचारी मन मिळतं म्हणे (मला ही भरपाई ओढूनताणून आणलेली वाटते). म्हातारपणी त्याने सांगून ठेवलंय, शाळेत जाताना आजूबाजूचं जग खरंच आहे ना याची खात्री करायला तो कितीदा तरी भिंत नाहीतर झाड धरायचा.

ब्लेकच्या टॉमला असली चैन कुठली! १७८९ च्या 'साँग्ज ऑफ इनोसन्स' (निरागसपणाची गाणी) मधल्या 'द चिमनी स्वीपर' या कवितेतला हा पोरगा लंडनची धुराडी साफ करतो. डोकं भादरलं म्हणून रडतो, तर सोबतचा पोरगा म्हणतो, बरंच झालं की, आता काजळीने केस खराब व्हायचे नाहीत. रात्री स्वप्नात देवदूत येतो, काळ्या शवपेट्या उघडतो, पोरं नदीत न्हाऊन ढगांवर खेळतात. अंधारातच उठून पिशव्या आणि ब्रश घेऊन सगळे कामावर, आणि एवढ्या थंडीत टॉम खूश! म्हणजे स्वप्न वास्तवाच्या विरोधात नाहीच, उलट त्याच्याच जोरावर पोरं निमूट राबतायत. ८ वर्षांखालची पोरं या कामाला ठेवायची नाहीत असा कायदा १७८८ मध्येच झाला होता, पाळत कोण होतं?

१७९४ च्या 'साँग्ज ऑफ एक्सपिरियन्स' (अनुभवाची गाणी) मधल्या त्याच नावाच्या जोडकवितेतलंही पोरच, पण त्याला सगळं कळतं, आईबाप मला या कामाला जुंपून चर्चमध्ये प्रार्थनेला गेलेत म्हणतं. ब्लेकच्या लेखी निरागसपणा आणि अनुभव ही वयं नाहीतच, मनाच्या दोन परस्परविरोधी अवस्था आहेत.

गंमत बघा, ब्लेकच्या अखेरच्या वर्षांत दोघांनाही ओळखणाऱ्या रोजनिशीकार क्रॅब रॉबिन्सनने त्याला वर्ड्सवर्थची हीच ओड वाचून दाखवली. वर्ड्सवर्थच्या निसर्गवेडावर ब्लेकचा राग, पण ओडमधला एका झाडाबद्दलचा तुकडा आला, जो रॉबिन्सन एरवी लोकांना वाचून दाखवताना गाळायचा, आणि नेमका तोच ऐकून म्हातारा आनंदाने वेडापिसा झाला.