फेक फॉरवर्ड आणि व्हिडिओ आर्ट, दोन्ही खोटंच ना मग?

आमच्या फॅमिली ग्रुपवर मध्यंतरी एक क्लिप आली, हतनूर धरणावर उडती तबकडी, खाली "आत्ताचीच बातमी, पुढे पाठवा", आणि भुसावळच्या मामांनी ती चार ग्रुपांत पाठवूनपण टाकली. तेव्हाच मी त्यांना लारिसा सन्सूर या पॅलेस्टिनी आर्टिस्टचा २००९ चा 'अ स्पेस एक्सोडस' हा व्हिडिओ दाखवत होतो, त्यात ती स्वतः स्पेससूट घालून चंद्रावर पॅलेस्टाइनचा झेंडा रोवते. मामा म्हणे, "भाचा, हाई बी खोटंच शे ना, मंग फरक काय?"

प्रश्न बरोबर आहे. पण फेकवाला शिवण लपवतो, मोबाईल मुद्दाम हलवतो, चित्र धूसर ठेवतो, तारीख उडवतो. सन्सूरला काही लपवायचंच नाही, असा झेंडा चंद्रावर लागलेला नाही हे सगळ्यांना माहितीये, आणि म्हणूनच टोचतं, की ज्यांना जमिनीवर देश मिळेना त्यांना चंद्र जवळचा वाटतोय.

तिचा आणि तिचा सहकारी लेखक सोरेन लिंडचा पोर्सेलिनवाला व्हिडिओ तर अजून भारी. त्यात एक गट केफियेची, म्हणजे पॅलेस्टिनी चौकटीच्या रुमालाची, नक्षी असलेली चिनी मातीची भांडी जमिनीत पुरतो, म्हणजे पुढे कधी उत्खनन झालं की इथे फार जुनी संस्कृती होती असं 'सिद्ध' होईल. आता आपलं प्रकाशा घ्या, तापी-गोमाईच्या संगमावरचं, तिथे १९५५ ला बी. के. थापर यांनी खोदलं आणि ताम्रपाषाणयुगातली वस्ती कळली, ती मुख्यतः खापरांवरून. ते खापर खरं, पण उद्या कोणी आपलं मांडे भाजायचं खापर मुद्दाम पुरलं तर? पुरावा म्हणजे नेमकं काय, हे सन्सूर विचारतेय, आणि फॉरवर्डवाल्याला तर तुम्ही काहीच विचारू नये असं वाटतं.

ओटोलिथ ग्रुप या लंडनच्या आर्टिस्ट मंडळींचा २००३ चा 'ओटोलिथ' हा व्हिडिओ थोडा वेगळा, तिथे निवेदिका २२ व्या शतकातली, पण लंडनच्या इराक युद्धविरोधी मोर्चाचं फुटेज अस्सल.

एक लोच्या मात्र आहे, नाव आणि संदर्भ कापला की आर्टचंही फॉरवर्ड होतं. मी गंमत म्हणून झेंड्याचा तेवढाच तुकडा काही न लिहिता ग्रुपवर टाकला, तर आधी सगळे गप्प, आणि मग धुळ्याच्या मावशीचा मेसेज: "हाई खरंच व्हयनं का?"