फाशांनी काय ठरवायचं? विज्ञानकथा आरपीजींच्या निवडीमागचा इतिहास

आरपीजी, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घेत फाशांच्या आधारे खेळायचे रोल-प्लेइंग गेम. त्यांत फँटसी खेळायची ठरली की गटाचं एकमत लवकर होतं. तलवार, जादू, तळघरातला खजिना म्हटलं की 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आपोआप टेबलावर येतं आणि ज्यांना ते नको असतं त्यांनाही आपण कशाला नको म्हणतोय हे ठाऊक असतं. विज्ञानकथेचं तसं नाही. चार जण बसले तर एकाला मालवाहू यानाचा कप्तान व्हायचं असतं, दुसऱ्याला शरीरात यंत्रं बसवून महानगराच्या गल्ल्यांत फिरायचं असतं, तिसऱ्याला आकाशगंगेचं युद्ध हवं असतं आणि चौथ्याला अंधाऱ्या यानातली भीती. या सगळ्यांना पुरून उरणारा एकच खेळ कधी झालाच नाही. का झाला नाही, हे पाहायला १९७० च्या दशकात जावं लागतं.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये आलं. दोनच वर्षांनी त्याच टीएसआर कंपनीने जेम्स वॉर्ड यांचा 'मेटामॉर्फोसिस अल्फा' काढला. पिढ्यान्पिढ्या प्रवास करणाऱ्या एका प्रचंड यानावर हा खेळ घडतो. यानावरच्या लोकांना आपण यानात आहोत हेच माहीत नसतं. कल्पना विलक्षण होती, पण खेळाचा सांगाडा तळघर धुंडाळण्याचाच राहिला.

खरी वेगळी वाट काढली ती १९७७ मध्ये मार्क मिलर यांच्या 'ट्रॅव्हलर'ने. गेम डिझायनर्स वर्कशॉपने काढलेल्या त्या पेटीत तीन छोट्या काळ्या पुस्तिका होत्या, आणि खेळायला सहा बाजूंचे साधे फासे पुरत. इथे लेव्हल, म्हणजे पात्राच्या बळाची पायरी, नव्हती. राक्षस मारून बळ वाढवत नेणंही नव्हतं. पात्र खेळात येतं तेच मुळी आयुष्याचा काही भाग जगून.

'ट्रॅव्हलर'मधलं पात्र बनवणं जवळून पाहण्यासारखं आहे. अठरा वर्षांचं पात्र नौदल, लष्कर, व्यापारी ताफा किंवा स्काउट अशा एखाद्या सेवेत शिरतं. सेवेची एक मुदत चार वर्षांची. प्रत्येक मुदतीत कौशल्यं मिळतात, पण आधी जिवंत राहण्याचं दान टाकावं लागतं. स्काउटला दोन फाशांवर ७ किंवा त्याहून जास्त हवेत. पात्र विशेष काटक असेल तर थोडी सवलत, नसेल तर ३६ पैकी १५ शक्यतांत ते तिथेच मरतं, खेळ सुरू होण्याआधीच. टिकलं तर आणखी चार वर्षं राहायचं की बाहेर पडायचं, हा मोह उरतोच, आणि चौतिशीपासून वयही आपला हिस्सा मागू लागतं. पुढच्या आवृत्त्यांनी मृत्यूऐवजी दुखापत किंवा अपघात आणला. तरी टेबलावर बसणारा माणूस भूतकाळ घेऊनच येतो, ही गोष्ट कायम राहिली.

दुसरी गोष्ट कर्जाची. यान घ्यायचं तर किमतीचे २० टक्के आधी भरायचे आणि मग ४८० महिने, म्हणजे चाळीस वर्षं, दरमहा किमतीचा २४०वा भाग. एकूण फेड किमतीच्या २२० टक्के होते. हा हप्ता चुकवायचा नाही म्हणून गट माल उचलतो, प्रवासी घेतो आणि संशयास्पद कामालाही हो म्हणतो. साहसाचं कारण गेम मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, शोधावं लागत नाही, ते हप्त्यातूनच येतं. नियमांनी कथा घडवण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. तसंच संदेशांचं. यानाची एक झेप आठवडाभराची, आणि यानाहून वेगाने बातमी जाऊ शकत नाही. म्हणून दूरच्या ताऱ्यापाशी पोचलेल्या माणसाला वरिष्ठांना विचारायची सोय नसते. निर्णय त्याचा त्यालाच घ्यावा लागतो.

ऐंशीच्या दशकात 'ट्रॅव्हलर'चं हे उत्तर अनेकांनी नाकारलं. टीएसआरने १९८२ मध्ये टक्क्यांच्या, म्हणजे १ ते १०० च्या, दानावर चालणारा, नवख्यांना सोपा 'स्टार फ्रंटियर्स' आणला. १९८६ चं 'गर्प्स' तर म्हणत होतं की नियम एकच ठेवा, जग हवं ते घ्या. कोणत्याही काळासाठी तीन फासे. 'ट्रॅव्हलर'च्या अगदी समोर उभा राहिला तो १९८७ चा 'स्टार वॉर्स' खेळ. वेस्ट एंड गेम्सने त्यात पात्रबांधणी काही मिनिटांवर आणली. तयार साचा निवडा, कौशल्यांत सात फासे वाटा आणि निघा. कौशल्य जेवढं जास्त तेवढे मुठीत फासे जास्त. इथे हप्ता नाही, वय नाही. फासे विचारतात ते एवढंच की धाडस साधलं का. या खेळासाठी लिहिलेली माहितीपुस्तकं पुढे त्या विश्वावरच्या कादंबरीलेखनातही संदर्भ म्हणून वापरली गेली.

पुढच्याच वर्षी माइक पॉन्डस्मिथ यांचा 'सायबरपंक' आला. त्यात यंत्राचा हात बसवला की ताकद वाढते, पण माणुसकीचे गुण कमी होतात आणि त्यासोबत सहानुभूती घटत जाते. ती शून्यावर आली की पात्र खेळाडूच्या हातून जातं. आपण विकत घेतलेली प्रत्येक सुधारणा माणूसपणातून वजा होते, हे या खेळाने आकड्यांत मांडलं. पटो न पटो, निदान एक भूमिका होती.

नव्वदच्या दशकाबद्दल थोडक्यात सांगतो. 'ट्रॅव्हलर'ने नियम बदलून पाहिले, १९९६ मध्ये मूळ कंपनी बंद झाली आणि ते विश्व 'गर्प्स'च्याही नियमांत शिरलं. मग २००० मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची नवी मालक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने वीस बाजूंच्या फाशावरचे आपले नियम खुल्या परवान्याखाली, म्हणजे इतरांनाही वापरता येतील असे, दिले आणि विज्ञानकथेचे कितीतरी खेळ त्या साच्यात ओतले गेले. माझ्या मते हा साचा विज्ञानकथेला बसला नाही. लेव्हल वाढली की माणूस गोळीला पुरून उरतो. निर्वात पोकळीची धास्ती मग उरेल कशी? परवान्याचा फायदा मात्र खरा होता. मोंगूस या प्रकाशन कंपनीने २००८ मध्ये 'ट्रॅव्हलर' नव्याने आणताना गाभ्याचे नियम खुले ठेवले, म्हणून त्यांवरून २०१६ मध्ये 'सेफियस इंजिन' ही स्वतंत्र नियमावली उभी राहू शकली. २००९ चं 'एक्लिप्स फेज' तर थेट क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आलं. जानेवारी २०२३ मध्ये विझार्ड्सचा परवाना बदलण्याचा बेत उघड झाल्यावर गदारोळ उठला तेव्हा या शहाणपणाची किंमत कळली.

२०१० हे वर्ष मला विशेष महत्त्वाचं वाटतं. केव्हिन क्रॉफर्ड यांच्या 'स्टार्स विदाउट नंबर'ने जुन्या पठडीचे नियम घेऊन अवकाश खुलं केलं आणि त्यात गेम मास्टरसाठी ग्रह व जगं घडवायचे तक्ते भरभरून दिले. त्याच वर्षी व्हिन्सेंट बेकर यांच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'ने 'ट्रॅव्हलर'चेच दोन फासे उचलले, पण प्रश्न बदलला. 'ट्रॅव्हलर'मध्ये सहसा ८ ही रेघ असते, ८ किंवा वर जमलं, खाली फसलं. दानात काही भर किंवा वजावट नसेल तर जमण्याची शक्यता ३६ पैकी १५. बेकर यांनी रेघेच्या जागी पट्टा आखला. १० किंवा त्याहून जास्त असेल तर पूर्ण यश, ६ आणि खाली संकट, आणि ७ ते ९ मध्ये काम होतं पण काहीतरी मोजावं लागतं. या मधल्या पट्ट्याचीही शक्यता ३६ पैकी १५ भरते. पूर्वी 'जमलं का' असं विचारणारे तेच फासे आता 'कशाच्या बदल्यात' असं विचारू लागले. अवकाशातल्या भुरट्यांचा 'स्कम अँड व्हिलनी' याच वळणावरचा आहे.

अलीकडची भर भीतीची आहे. २०१८ चा 'मदरशिप' आणि २०१९ चा 'एलियन' या दोघांत ताण हा मोजायचा आकडा आहे. 'एलियन'मध्ये ताणाचे फासे वेगळ्या रंगाचे असतात आणि ते नेहमीच्या फाशांत मिसळून टाकायचे. समजा, आपल्याकडे पाच फासे आहेत आणि काम जमायला ६ पडायला हवा. निदान एक ६ पडण्याची शक्यता साधारण ६० टक्के. तीन ताण चढला की फासे आठ होतात आणि ती ७७ टक्क्यांवर जाते. घाबरलेला माणूस जास्त चपळ होतो ना, तसंच. पण त्या तीन फाशांपैकी एकावर जरी १ पडला, ज्याची शक्यता ४२ टक्के आहे, तर घबराटीचं दान टाकावं लागतं. ते वाईट पडलं तर शस्त्र हातून गळतं, आणि ताण आणखी चढलेला असेल तर माणूस गोठतो किंवा पळत सुटतो. याच पुस्तकात खेळाच्या दोन पद्धती वेगळ्या दिल्या आहेत. एक, थोडक्या बैठकींत संपणारी, जिथे प्रत्येक पात्राचा छुपा हेतू असतो आणि बहुतेक जण वाचणार नाहीत हे गृहीतच असतं. दुसरी, महिनोन्‌महिने चालणारी मोहीम. गट आधी कोणती निवडतो, यावर पुढचे नियमही बदलतात.